मुक्त समाजमाध्यमे आणि वाढीचा प्रश्न : एक चिकित्सा

१

अहिराणीच्या अभ्यासकापुढे गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक अपूर्व सामग्री येऊन पडली आहे. या बोलीत पूर्वी लेखन झाले नव्हते असे नाही. परंतु ते बहुतांशी साहित्यिकांनी छापण्याच्या हेतूने केलेले लेखन होते. आता नरडाणा, बेटावद, दोंडाईचा, साक्री येथील शेतकरी, दुकानदार, शिक्षक आणि विद्यार्थी मोबाईलवर एकमेकांस अहिराणीत लिहू लागले आहेत. मराठीतील 'आहे' यासाठी कोणी 'शे' लिहितो, कोणी 'से'. 'माले', 'तुले' ही रूपे कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. बोली लेखनबद्ध होत असतानाच तिचे निरीक्षण करण्याची अशी संधी भाषाशास्त्राच्या अभ्यासकास क्वचितच लाभते.

तथापि ही सामग्री ज्या कोठारांत साठत आहे ती बहुतेक सर्व खाजगी कंपन्यांची आहेत. त्यांच्या किल्ल्या ना बोलणाऱ्यांपाशी आहेत, ना अभ्यासकांपाशी. 'ऑर्कुट' हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. भारतीय भाषांसाठी म्हणून २०२० मध्ये निघालेले 'कू' हे माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. या दोहोंवर मराठी माणसे लिहीत होती. माध्यम बंद पडते तेव्हा केवळ मजकूर जातो असे नव्हे. लिहिणाऱ्यांचे परस्परांशी जुळलेले संबंधही विखुरतात, आणि ते दुसऱ्या जागी जसेच्या तसे पुन्हा जुळत नाहीत.

यावर उपाय म्हणून 'मुक्त समाजमाध्यमां'कडे बोट दाखविले जाते. ज्या माध्यमाचे प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवघेवीचे नियम, सर्वांस उपलब्ध आहेत, ज्याचा सर्व्हर कोणासही चालविता येतो आणि एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाशी बोलू शकतो, ते मुक्त माध्यम होय. २०१६ मध्ये निघालेले 'मॅस्टोडॉन' हे त्याचे ठळक उदाहरण. ते ज्या 'ॲक्टिव्हिटीपब' या प्रोटोकॉलवर चालते, त्यास डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली.

या माध्यमांच्या पुरस्कर्त्यांत एक मत वारंवार आढळते. वाढीचा हव्यास हा व्यापारी माध्यमांचा रोग आहे. मुक्त माध्यमाने माणसे मोजू नयेत. थोडी पण चांगली माणसे जमली म्हणजे पुरे. हे मत सात्त्विक आहे, आणि त्यामागील अनुभवही खरा आहे. परंतु ते बरोबर आहे काय? उलट पक्षी, संख्या हेच सर्वस्व मानणारे मत कितपत ग्राह्य आहे? या दोन्ही मतांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

विषयाचा गाभा समजण्यासाठी नरडाण्याच्या रेल्वेस्थानकाचे उदाहरण घेऊ. सुरतेहून तापीच्या खोऱ्याने खानदेशात येणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. तो बांधणारी कंपनी वेगळी होती आणि मार्गही फार लांब नव्हता. परंतु त्याच्या रुळांचे माप १,६७६ मिलिमीटर, म्हणजे जळगावकडून जाणाऱ्या मोठ्या मार्गाचेच होते. त्यामुळे नरडाण्यासारख्या लहान स्थानकावर भरलेला कापसाचा डबा मार्गात माल न उतरविता पुढच्या मोठ्या जाळ्यात जाऊ शके. स्थानक लहान, पण त्याची उपयुक्तता संपूर्ण जाळ्याएवढी.

याच्या उलट पाचोरा-जामनेर मार्गाची स्थिती होती. त्याचे माप ७६२ मिलिमीटर. त्याचा डबा पाचोऱ्याच्या पुढे जाऊच शकत नसे. तेथे माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. त्या गाडीवर भोवतालच्या लोकांचे प्रेम होते आणि तिने अनेक वर्षे सेवाही केली. पण तिची उपयुक्तता तिच्या स्वतःच्या स्थानकांपुरतीच मर्यादित राहिली.

आता आणखी एक गोष्ट पाहावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गास मान्यता दिली. धुळे-नरडाणा हा टप्पा याच दिशेचा आहे. हा मार्ग पुरा झाला की नरडाणा हे जंक्शन होईल. नरडाण्याच्या जुन्या फलाटास एक वीटही न जोडता त्याचे मोल वाढेल, कारण तेथून जाता येईल अशा ठिकाणांची संख्या वाढलेली असेल. वस्तू तीच राहून, तिला जोडल्या गेलेल्या इतरांच्या संख्येमुळे तिचे मोल वाढणे किंवा घटणे, यास अर्थशास्त्रात 'नेटवर्क इफेक्ट' म्हणतात. आपण त्यास जालपरिणाम म्हणू.

या उदाहरणांतून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. पहिली, जाळ्याचा विस्तार. दुसरी, जाळ्यांमधील सारखे माप. मुक्त माध्यमांच्या चर्चेत यांपैकी दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे मुक्त नियमांवर, भर दिला जातो आणि पहिली गोष्ट गौण मानली जाते. वस्तुतः सारख्या मापाचा लाभ तेव्हाच होतो, जेव्हा पलीकडे जाण्याजोगे काही असते.

३

जालपरिणामाचा शास्त्रीय विचार नवा नाही. जेफ्री रोल्फ्स यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात असे दाखविले की, संदेशवहनाच्या सेवेस एकाच किमतीत मागणीच्या दोन निरनिराळ्या अवस्था संभवतात. एकीत जवळजवळ कोणीच सेवा घेत नाही, कारण इतर कोणी घेत नाही; दुसरीत बहुतेक सर्वजण घेतात, कारण इतर सर्वजण घेतात. पहिलीतून दुसरीत जाण्यासाठी एक किमान संख्या ओलांडावी लागते. अमेरिकेतील ए. टी. अँड टी. कंपनीने १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे चेहरा दाखविणाऱ्या दूरध्वनीची सेवा सुरू केली. यंत्र काम करीत होते, पण ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याकडे ते यंत्र नव्हते. सेवा फसली.

रोल्फ्स यांच्या विवेचनाचा एक भाग पुढे बराचसा झाकला गेला. कोणास किती लोकांशी बोलता येते एवढेच नव्हे, तर कोणत्या लोकांशी बोलावयाचे असते, यावर मागणी अवलंबून राहते, हे त्यांनी ध्यानात घेतले होते. नंतर लोकप्रिय झालेल्या मेटकाफ यांच्या नियमात हा विवेक राहिला नाही. दहा जणांत ४५ जोड्या होतात, शंभर जणांत ४,९५०. सबब जाळ्याचे मोल माणसांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, असा हा नियम. यात नरडाण्याच्या व्यापाऱ्याची धुळ्याच्या अडत्याशी होणारी जोडी आणि त्याची चिली देशातील अनोळखी माणसाशी होणारी जोडी यांस एकच किंमत दिली आहे. ब्रिस्को, ओडलिझ्को आणि टिली यांनी २००६ मध्ये या नियमावर नेमका हाच आक्षेप घेतला. सर्व जोड्या सारख्या उपयोगाच्या नसल्यामुळे मोल वर्गाच्या गतीने न वाढता पुष्कळ मंद गतीने, संख्या गुणिले संख्येचे लॉगरिदम या प्रमाणात, वाढते असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा केवळ गणिती काथ्याकूट नव्हे. दहा हजार माणसांचे एक जाळे आणि शंभर माणसांचे दुसरे, ही एकमेकांस जोडली असे समजा. मेटकाफ यांच्या हिशेबाने दोघांचा लाभ अगदी सारखा येतो. म्हणजे मोठ्याने लहानास आनंदाने जोडून घ्यावयास हवे. दुसऱ्या हिशेबाने मोठ्याचा लाभ सुमारे ४३ येतो, तर लहानाचा सुमारे २००. प्रत्यक्षात मोठी माध्यमे लहानांस जोडून घेण्यास नाखूष असतात, हा अनुभव दुसऱ्या हिशेबाशीच जुळतो. जोडणीची गरज लहानास अधिक असते आणि ती देण्याचा अधिकार मोठ्याच्या हाती असतो. म्हणून मुक्त माध्यमाने वाढीकडे पाठ फिरविणे म्हणजे ही विषम स्थिती कायमची मान्य करणे होय.

४

भाषेच्या अभ्यासकास ही स्थिती परिचित वाटावी. डच समाजशास्त्रज्ञ अब्राम द स्वान यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात भाषांचा विचार याच अंगाने केला आहे. भाषा कोणाच्या मालकीची नसते. ती शिकणाऱ्या प्रत्येक नव्या माणसामुळे आधीच्या सर्व बोलणाऱ्यांचा लाभ होतो. एखाद्या भाषेची संपर्कक्षमता मोजण्यासाठी त्यांनी दोन राशींचा गुणाकार सुचविला : ती भाषा एकूण माणसांपैकी किती जण बोलतात, आणि अनेक भाषा जाणणाऱ्यांपैकी किती जणांस ती येते. पहिली राशी प्रसाराची, दुसरी मध्यवर्तित्वाची.

अहिराणी या कसोटीवर कोठे बसते? २००१ च्या जनगणनेत 'खानदेशी' या शीर्षाखाली सुमारे २० लाख ७५ हजार लोकांची नोंद झाली. २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजार झाली. हे आकडे बोलणाऱ्यांचे नसून ही आपली मातृभाषा असे सांगणाऱ्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवले तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे. परंतु संख्येपेक्षाही महत्त्वाची बाब अशी की, अहिराणी बोलणाऱ्या बहुतेकांस मराठी येते, मराठी बोलणाऱ्या फारच थोड्यांस अहिराणी येते. दोघे भेटले की संभाषण मराठीत होते. कोणी सक्ती करीत नाही. प्रत्येक जण सोयीचे तेच करतो, आणि सर्वांच्या सोयीची बेरीज एका भाषेच्या विरुद्ध जाते.

मुक्त माध्यमाचा सभासद हा नेमका असाच द्वैभाषिक आहे. त्याचे खाते मुक्त माध्यमावर असते आणि बंदिस्त माध्यमावरही असते. बंदिस्त माध्यमावरील माणसाचे खाते मात्र मुक्त माध्यमावर नसते. म्हणून दोघांची गाठ नेहमी बंदिस्त माध्यमावरच पडते. मुक्त माध्यमाचा नियम कितीही न्याय्य असला तरी त्यामुळे हा प्रवाह उलटत नाही. अहिराणीचे व्याकरण मराठीच्या व्याकरणाहून उणे आहे म्हणून तरुण मुले ती सोडीत नाहीत. ज्यांच्याशी बोलावयाचे ते दुसरीकडे आहेत म्हणून सोडतात. गुण आणि उपयोग या दोन भिन्न कोटी आहेत. 'थोडी पण चांगली माणसे' या मताचा मूळ दोष असा की, ते गुणाच्या बळावर उपयोगाचा प्रश्न सुटेल असे गृहीत धरते.

५

मुक्तता ही वाढीस पुरेशी नसते, याचा पुरावा आपल्या लिपीच्या अलीकडील इतिहासातही आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' ही संगणकीय संकेतपद्धती प्रसिद्ध केली. ती सर्वांस खुली होती, आणि ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांस एकाच मांडणीत बसविण्याची तिची कल्पना ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने उत्तम होती. तरीही छपाईच्या व्यवहारात 'श्री-लिपी', 'शिवाजी', 'किरण' असे निरनिराळ्या संकेतांचे फाँट रूढ झाले. एका फाँटात लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रास दिसे. पाचोऱ्यास माल उतरवून पुन्हा चढविण्यासारखाच हा प्रकार होता.

१९९१ मध्येच पहिली आवृत्ती निघालेली युनिकोड पद्धती देवनागरीपुरती इस्कीच्याच मांडणीवर आधारलेली आहे. म्हणजे आशय जवळजवळ तोच. मग एक मागे का पडली आणि दुसरी का पसरली? युनिकोडला जगभरच्या यंत्रप्रणालींनी स्वीकारले. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, पुढे शोधयंत्रे आणि मोबाईल आले. ज्याने मराठीसाठी काहीच केले नव्हते अशा दूरच्या माणसाने युनिकोड वापरले, त्याचाही लाभ मराठीस झाला. आज नरडाण्याहून लिहिलेले अहिराणी वाक्य न्यू जर्सीतील भाच्यास जसेच्या तसे वाचता येते, ते या वाढीमुळे. मुक्त नियमास वाढीची जोड मिळाली की त्याचा लाभ सर्वांत लहान घटकासही पोचतो, असा याचा अर्थ आहे.

परंतु येथेच दुसऱ्या मताचीही, म्हणजे संख्या हेच सर्वस्व मानणाऱ्या मताचीही, परीक्षा करावी लागते. गूगलने २००५ मध्ये काढलेली 'गूगल टॉक' ही संदेशसेवा 'एक्सएमपीपी' या मुक्त प्रोटोकॉलवर चालत असे, आणि २००६ पासून ती इतर सर्व्हरांशी जोडलेली होती. त्यामुळे मुक्त जाळे एकाएकी फार मोठे झाले. २०१३ मध्ये कंपनीने 'हँगआउट्स' ही नवी सेवा पुढे केली आणि जोडणी सोडून दिली. लहान सर्व्हरांचे नियम होते तसेच राहिले. त्यांची माणसे मात्र पलीकडे राहिली. वाढ झाली होती ती प्रोटोकॉलची नव्हती, त्यावरील एका घराची होती. २०२३ मध्ये निघालेल्या 'थ्रेड्स' या मोठ्या माध्यमाने मार्च २०२४ पासून ॲक्टिव्हिटीपबशी अंशतः जोडणी सुरू केली, तेव्हा जुन्या सभासदांत आनंदाबरोबर जी शंका उमटली ती या अनुभवातून आली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांस खुल्या झालेल्या 'ब्लूस्काय'ने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन कोटी सभासदांचा टप्पा ओलांडला. परंतु त्यांपैकी बहुतेकांची खाती त्या एका कंपनीच्याच सर्व्हरांवर होती. मुक्तता कागदावर असणे आणि व्यवहारात असणे यांतील अंतर येथे दिसते.

दुसरे उदाहरण मॅस्टोडॉनचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर तेथे माणसांचा लोंढा आला. महिन्यातून एकदा तरी येणाऱ्या सभासदांची संख्या त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे २५ लाखांवर गेली आणि पुढील काही आठवड्यांत सुमारे १४ लाखांपर्यंत उतरली. आलेली माणसे एकेकटी आली होती. त्यांची मंडळे मागेच राहिली होती, आणि मंडळापाठोपाठ माणूस परत गेला.

६

या बाबतीत एक लहानसा अनुभव नमूद करण्यास हरकत नसावी. काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाने अहिराणी शब्दसंग्रहाच्या कामातील आपल्या सोबत्यांस एका मुक्त माध्यमावर नेण्याचा प्रयत्न केला. सर्वांनी खाती उघडली, नव्या जागेचे कौतुकही केले. एकाने तेथे बैलगाडीच्या एका भागाचे अहिराणी नाव विचारले. दोन दिवसांनी उत्तर आले, पण ते जुन्या, बंदिस्त माध्यमावरील गटात आले. कारण ज्या वृद्ध सुतारास ते नाव ठाऊक होते तो तेथेच होता. त्याचे नातेवाईक तेथे, कापसाचे भाव तेथे, नातवाच्या शाळेच्या सूचनाही तेथेच. प्रश्न नव्या जागी विचारला गेला आणि उत्तर जुन्या जागी आले. थोड्याच दिवसांत प्रश्नही जुन्या जागी विचारले जाऊ लागले.

त्या सुतारास नव्या जागी आणण्यासाठी जगातील लाखो सभासदांचा आकडा निरुपयोगी होता. त्याला हवी होती ती त्याच्या ओळखीची वीस-पंचवीस माणसे आणि दोन-तीन नित्याच्या सूचना. म्हणून वाढ म्हणजे काय, याचे उत्तर अधिक काटेकोरपणे द्यावयास हवे. मुक्त माध्यमास तीन प्रकारची वाढ लागते. पहिली दाटपणाची : एका गावातील, एका व्यवसायातील किंवा एका बोलीतील पुष्कळशी माणसे एकाच वेळी तेथे असणे. दुसरी दुव्यांची : एका जाळ्यातील मजकूर दुसऱ्यातही पोचविणारी माणसे आणि साधने असणे. तिसरी घरांची : एकाच सर्व्हरावर गर्दी न होता स्वतंत्र सर्व्हरांची संख्या वाढणे. एकूण सभासदसंख्या ही या तिहींची परिणती असली तरच टिकते.

बोलीच्या लेखनासही पहिल्या प्रकारची वाढच उपकारक आहे. 'शे' लिहावे की 'से', हे कोणत्याही समितीस ठरवून देता येईल. पण तो संकेत रूढ होण्यासाठी एकमेकांचे लेखन रोज वाचणारी माणसे पुरेशा संख्येने एकत्र असावी लागतात. विरळ वस्तीत संकेत रुजत नाहीत.

वाढीवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. माणसे वाढली की भांडणे वाढतात, खोट्या बातम्या येतात, आणि देखरेखीचे ओझे सर्व्हर चालविणाऱ्या चार-दोन जणांवर पडते. हे खरे आहे. परंतु एक गाव वाढवून त्याचे शहर करणे वेगळे आणि गावांची संख्या वाढविणे वेगळे. मुक्त प्रोटोकॉलमुळे दुसरा मार्ग शक्य होतो. प्रत्येक गावाची देखरेख त्या गावाने करावी आणि रस्ते मात्र सर्वांचे असावेत.

यासाठी आरंभ कोणी करावा? एकेकट्या व्यक्तीने मंडळ सोडून यावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, कारण सोडण्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागते. संस्थांची गोष्ट निराळी. लोकांस त्यांच्याकडे यावेच लागते. जर्मनी आणि नेदरलँड्स येथील सरकारी कार्यालयांसाठी तेथील शासनाने स्वतःचे मॅस्टोडॉन सर्व्हर चालविले आहेत. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या दुकानांत हाच न्याय पैशाच्या बाबतीत दिसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे ग्राहकाचे ॲप कोणतेही असो, दुकानदाराच्या खात्यात रक्कम जमा होते. तेथे सारखे माप संस्थेने घालून दिले, आणि बँका आरंभापासून त्यात आल्या म्हणून ते रुजले. विद्यापीठ, बाजार समिती, ग्रामपंचायत आणि शाळा यांनी आपल्या सूचना प्रथम मुक्त माध्यमावर प्रसिद्ध केल्या आणि तेथून इतरत्र पाठविल्या, तर त्या सुतारास तेथे येण्याचे कारण मिळेल.

भाषाविभागांपुरते बोलावयाचे तर काम आणखी निश्चित आहे. विभागाने स्वतःचा एक लहान सर्व्हर चालवावा, बोलीच्या निवेदकांस त्यावर खाती द्यावीत, एकेक गाव पुरते आल्याखेरीज दुसऱ्याकडे वळू नये, आणि अभ्यासासाठी मजकूर घेताना लिहिणाऱ्याची संमती घ्यावी. कारण सर्वांस वाचता येणे म्हणजे कोणीही उचलणे नव्हे. एवढे केले तर अहिराणीच्या लिखित रूपाचा निदान काही भाग अशा जागी साठेल, जी कोणा कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नाही. ते न केल्यास पुढील अभ्यासकाच्या हाती या काळातील अहिराणीचे छापील साहित्य येईल. सामान्य माणसाने लिहिलेली अहिराणी येणार नाही.